चार नंबरच्या टेबलावरचा माणूस

गौरवीची नि माझी ओळख गोव्यात मोपाच्या विमानतळावर झाली, तीही भांडणाने. सामान तपासायच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. पाठीला नवीकोरी सॅक आणि छातीशी घट्ट धरलेली पत्र्याची एक छोटी पेटी. काळ्या रंगाची, कडी उचकटलेली, वरून सुतळीने आवळलेली. शिपायाने पेटी उघडायला सांगितली. गाठ सुटेना. तिने नखं लावली, दात लावले, गाठ आपली जागची हलायला तयार नाही. मागे रांग वाढत चालली होती आणि मला भूक लागली होती. भूक लागली की माझं डोकं फिरतं.

"एक कुलूप घेवंक जायना गो तुका?" मी म्हणाले.

"कुलूप आसा. चावी ना."

"मग चावी सोद."

"चावी बाबांकडे आसा."

"मग बाबांक फोन कर!"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा गाठीला दात लावले. गाठ सुटली. पेटीत तिची मार्कलिस्टं होती, जन्माचा दाखला होता आणि देवळातल्या अबोलीच्या वाळक्या फुलांची पुडी होती. शिपायाने पुडीचा वास घेतला आणि तिला सोडून दिलं.

दिल्लीच्या विमानात आमच्या जागा शेजारी शेजारी आल्या. तिथे कळलं की ती कोरगावची, तिलाही माझ्यासारखीच बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली नव्हती, आणि तीही माझ्याच कॉलेजात, जॉर्जियात, तिबिलिसीला डॉक्टर व्हायला निघाली होती. तिचे वडील कृष्णनाथ मुरगावच्या बंदरात बार्जवर खलाशी होते. सहा वर्षांमागे, तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा ते बार्जवरून पाण्यात पडले. सापडले नाहीत. पेटीची चावी त्यांच्या कमरेच्या करदोट्याला असायची, ती त्यांच्याबरोबर गेली. पेटी मग छिन्नीने फोडली.

हे सगळं तिने खिडकीतून बाहेर बघत, साध्या आवाजात सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वडील डिचोलीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतात, मी लहानपणापासून गल्ल्यामागे बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायला शिकले आहे, माफी मागायला नाही. मी माझ्या डब्यातली नेवरी, म्हणजे आमची करंजी, तिच्यापुढे केली. तिने घेतली. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

तिबिलिसीत आम्हाला पहिला धक्का बसला तो वसतिगृहाचा. एजंटाने दाखवलेल्या पुस्तकात संगमरवरी जिने होते. प्रत्यक्षात ती रशियन लोकांच्या काळातली नऊ मजली इमारत निघाली, भिंतींचे पोपडे निघालेली, आणि लिफ्ट अशी की आत डबीत नाणं टाकल्याशिवाय वर जात नाही. मी त्या डबीकडे बघत उभी राहिले. देवळातल्या फंडपेटीत पैसे टाकतात ते ऐकलं होतं, लिफ्टने दक्षिणा घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. गौरवीने बॅगा उचलल्या आणि जिना चढायला लागली. आमची खोली सातव्या मजल्यावर होती. कोरगावच्या डोंगरात काजूच्या बागेत चढउतार करून वाढलेली मुलगी ती, तिला काही वाटलं नाही. मी प्रत्येक मजल्यावर बसून एजंटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग थंडीचा धक्का, भाषेचा धक्का. अक्षरं अशी की सगळी वेलांट्या देऊन टाकल्यासारखी. पण खाली गल्लीत एक बेकरी होती, तिथला म्हातारा मातीच्या गोल भट्टीच्या आतल्या भिंतीला लांबट पाव थापायचा आणि आकड्याने ओढून काढायचा. पहिल्या सकाळी गौरवी तो गरम पाव दोन्ही हातांत धरून वर आली आणि पहिल्यांदाच हसली. "पदेर तो पदेरच गो," म्हणाली. "आमच्या पदेराच्या उंड्याचो वास येता." पदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला आणि उंडे त्याचे गोल पाव.

गौरवी कशी, असं मला कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, शहाणी आणि कंटाळवाणी. पहाटे उठायची, आंघोळ करायची, खिडकीत कुळदेवाचा फोटो होता त्याला अबोलीचं एक वाळकं फूल दाखवून परत पुडीत ठेवायची, कारण पुडी सहा वर्षं पुरवायची होती. रोज संध्याकाळी आईला फोन. आई, कमलाक्षीमावशी, फोनवर रोज तेच विचारायची, जेवलीस काय, गरम कपडे घातलेस काय. कंपनीकडून कृष्णनाथांचे जे पैसे मिळाले होते त्याला मावशीने कधी हात लावला नव्हता. ते गौरवीच्या शिक्षणाला ठेवले होते. गौरवी डॉक्टर व्हायची हे घरात बाराव्या वर्षीच ठरलं होतं, आणि गौरवीने त्यावर कधी वेगळा विचार केला होता असं मला दिसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी शरीररचनेचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. तळघरात एक लांबडी खोली, पांढरे दिवे, सहा टेबलं. पाचांवर प्लास्टिकची शरीरं होती, आतडी काढता घालता येणारी. फक्त चार नंबरच्या टेबलावर कापड पांघरलेला खरा माणूस होता. डोळ्यांना झोंबणारा वास आधीच जिन्यात येत होता.

आमच्या मॅडम साठीच्या, उंच, केस बारीक कापलेल्या. इंग्रजी जपून बोलायच्या, एकेक शब्द मोजून. त्यांनी आधी नियम सांगितले. प्रात्यक्षिक सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीन गैरहजेऱ्या चालतील, चौथीला नाव कापलं जाईल आणि वर्ष पुन्हा करावं लागेल. आजारपणाचा दाखला आणला तर ठीक, बाकी कुठलं कारण ऐकणार नाही. मग त्यांनी एक जाड वही उघडली.

"या खोलीत प्रत्येक खऱ्या शरीराला आपला एक माणूस असतो," त्या म्हणाल्या. "तो विद्यार्थी सुरुवातीला कापड काढतो. ते शरीर सुकणार नाही याकडे बघतो. शेवटी झाकतो. वर्षभर कुणी त्याची चेष्टा केली तर त्या विद्यार्थ्याने मला सांगायचं. वहीत त्याने सही करायची. चार नंबर कोण घेणार?"

आम्ही वीसजण होतो. कुणीच हात वर केला नाही. मॅडमनी रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि स्वतःच कापड काढलं.

मी डिचोलीच्या बाजारात वाढलेली. मला कशाची भीती वाटत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले होते. कापड गुडघ्यापर्यंत आलं आणि मी धावत बाहेर जाऊन कोपऱ्यातल्या बादलीत ओकले. माझ्यामागून आणखी दोघंजण आले. एक दिल्लीचा सहा फुटी मुलगा जिन्यात मट्कन बसला. मी तोंड धुऊन परत गेले तेव्हा गौरवी टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी होती, एकटीच, आणि ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, रामरक्षा. जवळ गेले तर आकडे होते.

"डोक्याक चाळीस," ती म्हणत होती. "मानेक धा. छातीक वीस. दोनूय हातांक शंबर."

मी तिला हलवलं. "गौरवी, कितें गो?"

"पानां," ती म्हणाली.

मॅडमनी तेवढ्यात सांगायला सुरुवात केली होती. शरीर किती ताजं असताना यावं लागतं, ते कसं टिकवतात. मग त्या म्हणाल्या की हा माणूस शहरातल्या एका इस्पितळात वारला, वय साठीच्या आसपास, नाव माहीत नाही. कायद्याने ठरवलेले दिवस वाट पाहिली.

"याची माणसं?" गौरवीने विचारलं. पूर्ण तासात तिने विचारलेला तो एकच प्रश्न.

"कुणी आलं नाही," मॅडम म्हणाल्या.

पानांची गोष्ट तिने मला परत येताना वाटेत सांगितली. बाबा सापडत नाहीत हे ठरल्यावर त्यांचे थोरले भाऊ सगुण यांनी भटजींना बोलावलं. शरीर नसेल तर पळसाच्या पानांचं करतात. एकूण तीनशे साठ पानं, प्रत्येक अवयवाला किती ते ठरलेलं. डोक्याच्या जागी नारळ, दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे. अंगणात दर्भावर भटजी पानं मांडत गेले आणि बारा वर्षांची गौरवी त्यांना मोजून पानं देत गेली. पोरीने तिथे थांबायचं नसतं, पण त्या दिवशी तिला हाकलायचं कुणाला सुचलं नाही. मग त्या पानांच्या कृष्णनाथांना रीतसर अग्नी दिला.

"तुका भंय दिसलें ना, मगाशी?" मी विचारलं.

"ना," ती म्हणाली. "हांवें बाबांक पानांचो पळयला. ह्याका तोंड तरी आसा."

पानांचा बाप पाहिलेल्या मुलीला तोंड असलेल्या प्रेताची कसली भीती?

त्या दिवशी दुपारी ती खोलीत आली, थंड पाण्याने आंघोळ केली, पलंगावरची गादी काढून भिंतीला उभी केली आणि जमिनीवर चटई अंथरली. रात्री तिने पेज शिजवली. मीठ घातलं नाही. मी लोणच्याची बाटली पुढे केली तर तिने हात मागे घेतला.

"शिंवू नाका माका," ती म्हणाली. "माका सुतक आयलां."

मी बाटली खाली ठेवली. "कोण गेलें? आई बरी आसा मगो?"

"आई बरी आसा. त्या मनशाचें सुतक. चार नंबराच्या."

मी हसले. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू आटोपलं. ती खरंच बोलत होती. दहा दिवस ती सुतक पाळणार होती आणि दहा दिवस कॉलेजात जाणार नव्हती.

मी डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. म्हटलं, अगं बाई, परक्या माणसाच्या प्रेताला हात लागला तर डोक्यावरून आंघोळ केली की झालं. सुतक नात्यातल्यांना असतं. तो जॉर्जियाचा, ख्रिस्ती असेल, आपला कोण लागतो?

"त्याका कोण ना म्हणूनच," ती म्हणाली. "कोणेंतरी धरूक जाय."

"तू कोण धरपी?"

"हांव थंय आशिल्लें मगो."

कुणीतरी धरायला हवं आणि ती तिथे होती, एवढंच तिचं कारण. मी बोलले, भरपूर बोलले. बुधवार गेला, एक गैरहजेरी. शुक्रवार गेला, दोन. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर तळलेले बटाटे खाल्ले, मुद्दाम, वास येईल असे. ती खाली मान घालून पुस्तक वाचत राहिली. अभ्यास चालू होता हे सांगायला हवं. हाताची सगळी हाडं तिने त्या चटईवर बसून पाठ केली. सोमवार आला, तिसरी गैरहजेरी लागली. मी मॅडमना जाऊन भेटले, आमच्याकडे अशी अशी पद्धत असते म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती आजारी आहे का?" मी खोटं बोलायला हवं होतं. पण त्या बाईंच्या डोळ्यांकडे बघून खोटं सुचलं नाही. मी नाही म्हणाले. "मग बुधवारी मी तिचं नाव वाचेन," त्या म्हणाल्या. "ती असेल किंवा नसेल."

बुधवार हा तिच्या सुतकाचा दहावा दिवस होता. गुरुवारी ती मोकळी होणार होती. एका दिवसासाठी गौरवी पूर्ण वर्ष पाण्यात घालायला निघाली होती. वर्ष तरी कसलं, आईने सहा वर्षं जपून ठेवलेलं सगळंच. मी मंगळवारी सकाळी तिला म्हणाले, नऊ दिवस झाले, देव काही मोजत बसत नाही. ती म्हणाली, "धा म्हणजे धा." मला इतका संताप आला की मी दरवाजा आपटून बाहेर गेले आणि लिफ्टमध्ये दोनदा उगाच नाणं टाकून वरखाली केलं.

मग मी ठरवलं, आता हिच्या आईलाच सांगायचं. पोरीला वळणावर आणायचं काम आईचं. दुपारी गौरवी कपडे धुवायला न्हाणीघरात गेली तशी मी कमलाक्षीमावशीला फोन लावला. माझे हात चपात्यांच्या कणकेत होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला. ही माझी चूक. मुद्दाम केली नव्हती, पण चूक माझी.

मी मावशीला सगळं सांगितलं. तक्रारीच्या सुरातच सांगितलं. टेबल, सुतक, चटई, तीन गैरहजेऱ्या, उद्याचा बुधवार. मला वाटलं होतं मावशी ओरडेल, निदान "अगे देवा" म्हणेल. पलीकडे फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तो मनीस," मावशीने शेवटी विचारलं, "बेवारशी म्हणजे... कोणूच आयलो ना त्याका व्हरूक?"

"कोणूच ना मावशी. म्हणून तर ही बसल्या. तुमी तिका बरें करून सांगात."

पुन्हा कोंबड्या. मग मावशी म्हणाली, "सेजल, तुका एक सांगतां. तिका सांगू नाका. पूण माका आतां कोणाक तरी सांगूकच जाय."

मी हात पुसून फोन उचलायला हवा होता. मी तशीच उभी राहिले.

"पानांचें सगळें जालें," मावशी म्हणाली. "तेरावें जालें. ताच्या दुसऱ्या दिसा फोन आयिल्लो. तेरेखोलाच्या खाडीपल्याडच्या पोलिसांचो. रापणीच्या जाळ्यांत एक मनीस गावला म्हणालो. तोंड वळखूंक येना. पूण कमरेक रुप्याचो करदोटो आसा, आनी करदोट्याक एक ल्हानशी चावी बांदल्या. येवन पळयात म्हणालो."

माझी नजर आपोआप कपाटावर गेली. तिथे ती काळी पेटी होती, सुतळीने बांधलेली.

"मग तुमी गेल्यात?" मी विचारलं.

"सगुणभावोजी म्हणाले, आमी कृष्णनाथाक उजो दिला. मंत्र म्हणून दिला. आतां दुसरो हाडून लासलो जाल्यार पयलो फट जातलो. घराक दोश लागतलो." दुसरं प्रेत आणून जाळलं तर आधीचा अग्नी खोटा ठरेल, असं सगुणांचं म्हणणं होतं. "सहा वर्सां हांव मनांत भावोजींकच दोश दितां. पूण फोन माझ्या हातांत आशिल्लो, सेजल. भावोजींच्या न्हय. माका ताका तसो पळोवपाचो नासलो. वीस-बावीस दीस उदकांत आशिल्लो. माका भंय दिसलें. त्या पोलिसान परत विचारलें, तुमचो मनीस न्हय काय? आनी हांवें म्हटलें, न्हय. आमचो न्हय."

आमचा नव्हे. एवढंच बोलून तिने फोन ठेवला होता.

"तशां मनशांक मागीर तुमच्या कॉलेजांत व्हरतात मगो?" मावशी आता रडत होती. "फाडूंक? माका रातदीस तेंच दिसता. तिका दाक्तर करूंक धाडली, आनी तूं पयल्याच म्हयन्यांत माका हें सांगता."

मी मान वळवली. न्हाणीघराच्या दारात गौरवी उभी होती. हातात पिळलेला कुडता, त्याचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तिने सगळं ऐकलं होतं.

मी आयुष्यात कधी अशी सुन्न झाले नव्हते. तळघरात ओकले तेव्हाही नाही. फोन बंद करावा हेसुद्धा सुचेना. बोटांना कणीक तशीच चिकटलेली.

"आई," गौरवी म्हणाली.

पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

"ताका पुरलो काय लासलो?"

"गौरवी..."

"पुरलो काय लासलो, आई?"

"माका खबर ना गो."

"विचारलें ना? सहा वर्सांत?"

"ना."

गौरवी टेबलाजवळ आली. कुडता तिने खुर्चीवर टाकला. बोलताना तिचे शब्द नीट येत होते, जणू वर्गात उत्तर देत होती. "तितले दीस उदकांत आशिल्लें शरीर कॉलेजांत घेनात. ताजें जाय पडटा. आमच्या मॅडमन पयल्याच दिसा सांगलां. बाबांक कोणें फाडूंक ना. पोलिसांनी खंय तरी पुरला आसतलो."

मावशी हुंदके द्यायला लागली. इतके दिवस पाण्यात राहिलेलं शरीर कॉलेजात घेत नाहीत, हे सहा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कुणाला विचारलंच नव्हतं. कोरगावातून तेरेखोलच्या पलीकडे जायला बसने तास दीड तास लागतो. मी मनात हिशेब केला आणि मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना.

"फाल्यां तूं थंय वच," गौरवीने आईला उद्याच जायला सांगितलं. "पोलिसांकडे. तांच्या बुकांत नंबर आसतलो, तारीख आसतली, चावयेचें बरयल्लें आसतलें. सगुणकाकाक विचारूं नाका. एकटी वच. आनी आमचो म्हणून सांग."

"आनी तूं?" मावशीने विचारलं.

"हांवूय वतां, चार नंबराकडे," गौरवी म्हणाली आणि फोन बंद केला.

मग ती चटईवर बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, शिवायचं नाही हे विसरून. तिनेही आठवण केली नाही. बराच वेळ ती त्या पेटीकडे बघत होती.

"माका आईचो इतलो राग येता," ती म्हणाली, "इतलो येता की..." पुढचं तिला बोलता आलं नाही. ती रडली. मोठ्याने, लहान पोर रडतं तशी, आणि मीही रडले. माझे वडील तेव्हा डिचोलीच्या दुकानात बसून कुणाला तरी कुकरचं झाकण बसवून देत असतील, धडधाकट, आणि मी रडत होते. मला तिच्या आईचाही राग येत होता आणि दयाही येत होती. दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

रडणं ओसरल्यावर तिने तोंड पुसलं. "आनी हांवें तरी कितें केलें?" ती म्हणाली. "थंय मॅडम विचारतात, ह्याचो कोण? हांव आयकून वगी रावलें, हात वयर काडलो ना. आनी हांगा येवन नऊ दीस मातयेर बसलां. ताका थंय सोडून."

"तूं सुतक धरलें गो," मी म्हणाले. नऊ दिवस जिच्याशी त्या सुतकावरून भांडले, तिच्यापुढे आता मीच सुतकाची बाजू घेत होते.

"सुतक धरूंक कितें लागता?" ती म्हणाली. "पानांचेंय केल्लें आमी."

बुधवारी पहाटे ती नेहमीसारखी उठली. आंघोळ केली. पुडीतलं अबोलीचं एक फूल काढलं, फोटोला दाखवलं आणि यावेळी परत पुडीत ठेवलं नाही, एप्रनच्या खिशात टाकलं. बेकरीतून मी गरम पाव आणला होता. तिने अर्धा तोडून खाल्ला. त्यात मीठ होतं. तिला ते माहीत होतं आणि मलाही.

निघता निघता तिच्या फोनवर आईचा निरोप आला. मावशीने एका लाल बसचा फोटो पाठवला होता, बाकी एक शब्द नाही. गौरवीने तो पाहिला आणि फोन खिशात ठेवला.

तळघरात वीसजण रांगेत उभे होतो. मॅडमनी हजेरी घेतली. गौरवीचं नाव वाचलं, तिने ओ दिली, मॅडमनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खूण केली. मग ती जाड वही उघडली. त्या आठवड्याभरात दर प्रात्यक्षिकाला हेच चाललं होतं. मॅडम विचारायच्या, कुणी बोलायचं नाही, मॅडम रेघ मारायच्या आणि स्वतः कापड काढायच्या. रकान्यात चार आडव्या रेघा एकाखाली एक झाल्या होत्या.

"चार नंबर?" मॅडमनी विचारलं. उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही, पेन आधीच कागदावर टेकलं होतं.

गौरवी रांगेतून पुढे आली. टेबलापाशी, डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि कापडाच्या कडेवर हात ठेवला.

मॅडमनी पेन उचललं. "हा तुझा?" त्यांनी विचारलं.

गौरवीने तोंड उघडलं. शब्द आला तो इंग्रजीत नव्हता.

"आमचो," ती म्हणाली.

मॅडमना त्या शब्दाचा अर्थ कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी वही फिरवली आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवली.